पीएसए वाढलाय, बायोप्सी करायची का? रक्ताच्या आकड्यापासून सुईपर्यंतचा क्रम

हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मोबाइलवर येतो. साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन सगळं पाहून झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या पानावर एक ओळ ठळक अक्षरांत दिसते: टोटल पीएसए ६.२, शेजारी वर जाणारा बाण, उजवीकडे संदर्भ मर्यादा ० ते ४. घरातलं कुणीतरी ते इंटरनेटवर शोधतं, समोर 'कॅन्सर' हा शब्द येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक कोल्हापूरच्या राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत एखाद्या युरोलॉजिस्टच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेले असतात.

अशा घरांसाठी हा लेख आहे. पीएसए हे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन. त्याचा एक आकडा म्हणजे बायोप्सीची, म्हणजे सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासण्याची, चिठ्ठी नाही, आणि तो फायलीत घालून विसरून जाण्याइतका किरकोळही नाही. आकडा खरा आहे का, तो कशामुळे वाढला, ग्रंथीच्या आकाराच्या मानाने तो जास्त आहे का, हे क्रमाने तपासलं की बऱ्याच जणांची सुई टळते. ज्यांना ती लागणारच असते, त्यांना ती योग्य जागी लागते. हा क्रम सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सुरू केला काय किंवा खासगी दवाखान्यात, तोच राहतो.

नळीत नेमकं काय मोजलं जातं

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनळीला वेढून बसलेली ग्रंथी. तरुणपणी साधारण २० ते २५ मिली, म्हणजे अक्रोडाएवढी. तिच्या पेशी पीएसए नावाचं प्रथिन तयार करतात. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. त्यातला अगदी थोडा अंश रक्तात झिरपतो आणि तोच आपण नॅनोग्रॅम प्रति मिली या एककात मोजतो. झिरपणं वाढण्याची कारणं तीन: ग्रंथी मोठी झाली, ग्रंथी सुजली किंवा दुखावली गेली, नाहीतर तिच्यात कॅन्सर झाला. यांतलं कोणतं, हे रक्ताच्या नळीला कळत नाही. वयाबरोबर ग्रंथी वाढणं ही साठीनंतर बहुतेकांच्या बाबतीत होणारी गोष्ट, म्हणून वाढलेल्या पीएसएमागे पुष्कळदा तीच असते.

४ ही मर्यादा वर्षानुवर्षं वापरात आहे. अमेरिकेत १९९४ साली कॅन्सर शोधण्यासाठी या चाचणीला मान्यता मिळाली तेव्हापासून तर ती पक्कीच झाली. पण ती शरीराने आखलेली रेघ नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, सात वर्षं पीएसए कधीच ४ च्या वर न गेलेल्या आणि बोटाच्या (गुदद्वारातून बोट घालून केलेल्या) तपासणीत काही न सापडलेल्या पुरुषांची बायोप्सी केली. सुमारे १५ टक्क्यांमध्ये कॅन्सर निघाला. त्यातला बहुतेक मंद जातीचा होता. जोरकस जातीचा एकूण पुरुषांच्या जेमतेम २.३ टक्के. थोडक्यात, ३.९ आला म्हणून पेढे वाटू नयेत आणि ४.१ आला म्हणून झोप उडवून घेऊ नये. त्या दोन आकड्यांत तसा काही फरकच नाही.

वयाप्रमाणे पाहिलं तर चित्र थोडं स्पष्ट होतं. चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि सत्तरीत ६.५ अशी वरची मर्यादा वापरण्याची एक पद्धत आहे. ४८ वर्षांच्या माणसाचा ३.८ आम्हाला ७४ वर्षांच्या माणसाच्या ५.५ पेक्षा जास्त विचार करायला लावतो. लॅबचा छापील रिपोर्ट मात्र दोघांनाही तीच ० ते ४ ची पट्टी लावतो.

आधी मागचे दोन महिने आठवा

पीएसए खोटा वाढवणाऱ्या गोष्टी इतक्या आहेत की पहिली भेट निम्मी त्यांच्यावरच जायला हवी.

सगळ्यात मोठं कारण लघवीचं इन्फेक्शन. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, ओटीपोटात किंवा गुदद्वाराजवळ दुखणं असं काही दोन महिन्यांत झालं असेल तर त्या काळातला पीएसए हिशेबात धरू नका. प्रोस्टेटला सूज असताना तो २०, ३०, कधी त्याच्याही वर जातो. इन्फेक्शन पूर्ण बरं झाल्यावर निदान ६ ते ८ आठवडे थांबून मग तपासायचं. आकडा तेव्हाही उतरत असेल पण पूर्ण उतरला नसेल, तर आणखी थोडं थांबून तिसऱ्यांदा पाहायचं. उतरायला कधी कधी काही महिने लागतात.

दुसरं कारण लघवी तुंबणं. रात्री लघवी पूर्ण अडली, गावातल्या दवाखान्यातून गाडीने कोल्हापूरला आणलं, नळी घातली, आणि दाखल करताना घेतलेल्या रक्तातच पीएसएही पाठवला, असं सर्रास होतं. तो आकडा निरुपयोगी असतो. तुंबणं आणि नळी घालणं या दोन्हींनी ग्रंथी दुखावते. दुर्बिणीची तपासणी, प्रोस्टेटचं ऑपरेशन किंवा आधीची बायोप्सी झाली असेल तरी किमान ६ आठवड्यांचं अंतर हवं.

लहान कारणं: वीर्यस्खलन झालं असेल तर ४८ तास थांबा. हे विचारायला डॉक्टरही संकोचतात आणि सांगायला पेशंटही, पण विचारायला हवंच. सायकल दामटवणाऱ्यांनी, रंकाळ्याभोवती फेऱ्या मारणारे असोत की पन्हाळ्याचा घाट चढणारे, दोन दिवस सायकल बाजूला ठेवावी. बोटाच्या तपासणीने आकडा फारसा हलत नाही, तरीही रक्त आधी आणि तपासणी नंतर हा क्रम बरा. उपाशीपोटी राहण्याची गरज नाही. पीएसए जेवणाने बदलत नाही. रिकाम्या पोटी बोलावतात ते बरोबरच्या साखर-चरबीच्या चाचण्यांसाठी.

केस-नखांसाठी जास्त मात्रेच्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा. काही यंत्रांच्या पद्धतीत बायोटिन आडवं येतं आणि पीएसए खोटा कमी दाखवला जातो.

गोळ्यांची पट्टी सोबत न्या

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात घातक चूक इथेच होते.

प्रोस्टेट वाढली म्हणून रोज रात्री एक गोळी घेणारे हजारो लोक आहेत. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये दोन औषधं एकत्र असतात: टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड. टॅमसुलोसिन लघवीची वाट सैल करतं, पीएसएला हात लावत नाही. ड्युटास्टेराइड आणि त्याचा भाऊ फिनास्टेराइड ग्रंथी आकसवतात आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळजवळ निम्म्यावर आणतात. टक्कल पडू नये म्हणून घेतली जाणारी १ मिलिग्रॅमची फिनास्टेराइडची गोळीही हेच करते, आणि पन्नाशीतला माणूस ती 'औषध' म्हणून सांगतही नाही.

म्हणून हिशेब असा: ही गोळी सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर आलेल्या आकड्याची दुप्पट करा. रिपोर्टवर ३.१ आहे, बाण नाही, सगळं 'नॉर्मल' छापलंय. खरा आकडा ६.२. लॅबला गोळी माहीत नसते, त्यामुळे ती सावध करत नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे, गोळी सुरू झाल्यावर आकडा जिथपर्यंत उतरला त्या तळापासून तो पुन्हा वर चढू लागला, तर तो ४ च्या आत असला तरी युरोलॉजिस्टना दाखवायचाच. गोळी नेमाने घेत असताना पीएसए चढायला नको.

यावर सोपा उपाय आहे. ड्युटास्टेराइड सुरू करण्याआधी एकदा पीएसए करून घ्या आणि तो आकडा फायलीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहा. पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. दुकानदार पट्टी कापून देतो तेव्हा नेमका तोच भाग जातो, म्हणून एकदा पूर्ण पट्टीचा फोटो काढून ठेवा.

पुन्हा तपासणी: त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने

तब्येत ठणठणीत आहे, वरचं एकही कारण नाही, तरी आकडा ४ ते १० मध्ये आला असेल तर पहिलं काम तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा करणं. पीएसए एकाच माणसात, काहीही न होता, १५ ते २० टक्के इकडेतिकडे होतो. दुसऱ्या वेळी मर्यादेत उतरलेले पुष्कळ निघतात. एका आकड्यावर बायोप्सीची तारीख देणाऱ्याला 'एकदा रिपीट करू या का?' असं विचारण्यात काही गैर नाही.

लॅब मात्र बदलू नका. पीएसएची यंत्रं वेगवेगळ्या मापदंडांवर बसवलेली असतात आणि दोन प्रचलित मापदंडांत २० टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. इचलकरंजीत ५.२, कोल्हापुरात ६.१ आणि पुण्यात पुन्हा ५.४ अशी मालिका घेऊन आलं की वाढतोय का उतरतोय हेच समजत नाही. रिपोर्टच्या तळाशी चाचणीची पद्धत लिहिलेली असते, ती जुळते का बघा.

आकडा दर वर्षी किती चढतो, यालाही अर्थ आहे. वर्षाला ०.७५ पेक्षा जास्त वाढ संशयाची मानतात. पण त्यासाठी निदान दीड-दोन वर्षांतले तीन रिपोर्ट लागतात, आणि नुसत्या वेगावर बायोप्सी ठरवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

इथे एक प्रथा थांबायला हवी. ताप नाही, जळजळ नाही, लघवीची तपासणी स्वच्छ, तरी 'पीएसए उतरतो का बघू' म्हणून तीन-चार आठवडे अँटिबायोटिक दिलं जातं. आकडा नैसर्गिक चढउतारानेच उतरतो आणि श्रेय गोळीला मिळतं. वरून आतड्यातले जंतू त्या औषधाला सरावतात. पुढे गुदमार्गातून बायोप्सी करायची वेळ आली तर तेच जंतू रक्तात शिरतात आणि नेहमीचं औषध त्यांना दाद देत नाही. इन्फेक्शनचा पुरावा नसेल तर आकडा उतरवण्यासाठी अँटिबायोटिक नको.

बोटाची तपासणी टाळू नका

कुशीवर झोपवून, हातमोजा आणि जेली वापरून, अर्ध्या मिनिटात होणारी ही तपासणी आहे. लाजेपोटी लोक ती पुढे ढकलतात. पण काही जोरकस कॅन्सर पीएसए फार कमी बनवतात. आकडा ३ असतो आणि बोटाला दगडासारखी कडक गाठ लागते. अशी गाठ लागली तर पीएसए काहीही असो, पुढची तपासणी करायचीच. कपाळावरचं हाड दाबून बघा, मग नाकाचा शेंडा दाबा. कॅन्सरची गाठ कपाळासारखी लागते, नुसती वाढलेली प्रोस्टेट नाकाच्या शेंड्यासारखी.

भागाकार: फुकटची चाचणी

पीएसए डेन्सिटी म्हणजे पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागायचं. वेगळं रक्त नको, वेगळे पैसे नकोत. सोनोग्राफीचा रिपोर्ट घरात असतोच. तरीही हा हिशेब कितीतरी फायलींत केलेला नसतो.

रिपोर्टमध्ये 'प्रोस्टेट' या शब्दापुढे तीन मापं शोधा. समजा ४.८ × ४.२ × ४.५ सेंटिमीटर. तिन्ही गुणा आणि ०.५२ ने गुणा: येतात ४७ मिली. काही रिपोर्टांत हे ग्रॅममध्ये असतं. १ मिली म्हणजे १ ग्रॅमच धरा. आता ६.२ भागिले ४७, म्हणजे ०.१३.

आता तोच ६.२ असलेला दुसरा माणूस घ्या, ज्याची ग्रंथी ३.६ × ३.४ × ४.० सेंटिमीटर आहे. आकारमान २५ मिली, डेन्सिटी ०.२५. आणि तिसरा, ९० मिलीची ग्रंथी घेऊन रात्री चारदा उठणारा: डेन्सिटी ०.०७. रिपोर्टवर तिघांचा आकडा एकच, बाणही एकच. पण तिसऱ्याचा पीएसए त्याच्या मोठ्या ग्रंथीला साजेसा आहे, आणि दुसऱ्याच्या एवढ्याशा ग्रंथीतून तेवढाच पीएसए येतोय ही काळजीची गोष्ट आहे. ०.१० च्या खाली धोका कमी, ०.१५ च्या वर संशय, ०.२० च्या वर संशय बळकट.

चूक कुठे होते तेही सांगतो. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत मापं पाच-सात मिलींनी सहज चुकतात, आणि ग्रंथी लहान असेल तर तेवढ्यानेही डेन्सिटी बदलते. काही रिपोर्टांत मापं न देता नुसतं 'ग्रेड २ वाढ' लिहितात. त्यातून हिशेब होत नाही, मापं मागून घ्या. एमआरआय झाला असेल तर त्यातलं आकारमान जास्त भरवशाचं. ड्युटास्टेराइड घेणाऱ्याच्या बाबतीत आधी पीएसए दुप्पट करा, मग भागा. गोळीने ग्रंथीही आकसलेली असते, त्यामुळे उत्तर अंदाजाचं समजा.

फ्री पीएसए आणि पुढच्या रक्तचाचण्या

रक्तातला काही पीएसए दुसऱ्या प्रथिनांना चिकटलेला असतो, काही मोकळा. कॅन्सरमध्ये मोकळ्याचं प्रमाण घटतं. मोकळा भागिले एकूण, गुणिले १००, ही फ्री पीएसएची टक्केवारी. एकूण पीएसए ४ ते १० असेल तेव्हाच तिचा उपयोग. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, टक्केवारी १० च्या खाली असणाऱ्यांत कॅन्सर निघण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होती आणि २५ च्या वर असणाऱ्यांत ८ टक्के. अडचण अशी की बहुतेकांचा आकडा १० आणि २५ च्या मध्येच येतो.

नमुन्याची काळजी इथे जास्त महत्त्वाची. मोकळा पीएसए लवकर खराब होतो. रक्त काढल्यापासून तीन तासांत सिरम वेगळं करून थंड ठेवावं लागतं. गारगोटी, आजरा, चंदगडच्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिलं आणि नळी दुपारच्या गाडीने कोल्हापूरला गेली, तर टक्केवारी खोटी कमी येऊ शकते आणि नसता धोका दिसतो. ही चाचणी जिथे यंत्र आहे त्या लॅबमध्ये स्वतः जाऊन द्या. किडनी निकामी असलेल्यांत आणि डायलिसिसवर असलेल्यांत ही टक्केवारी फसवी असते. नुकतंच इन्फेक्शन झालेल्यांत ती करूच नये.

प्रोस्टेट हेल्थ इंडेक्स, म्हणजे पीएचआय, ही त्यापुढची चाचणी. एकूण पीएसए, मोकळा पीएसए आणि त्याचा आणखी एक प्रकार मिळून एक आकडा काढतात. अमेरिकेत २०१२ साली ४ ते १० या पट्ट्यासाठी तिला मान्यता मिळाली. जोरकस कॅन्सर ओळखण्यात ती फ्री पीएसएपेक्षा सरस आहे. चार घटक मोजणारी फोरकेस्कोर ही तिच्याच जातीची दुसरी चाचणी. चांगला एमआरआय होणार असेल तर प्रत्येकाला यांची गरज पडत नाही. एमआरआय शक्य नसेल किंवा त्याचं उत्तर अधांतरी आलं, तर पीएचआयवर खर्च करणं योग्य. अॅसिड फॉस्फेटेज ही जुनी चाचणी अजून कुठे कुठे लिहून दिली जाते. पीएसए आल्यावर तिचं काम संपलं. 'कॅन्सर मार्कर पॅकेज'मधले बाकीचे मार्कर प्रोस्टेटबद्दल काही सांगत नाहीत.

सुईच्या आधी एमआरआय

वरचं सगळं करून संशय उरला तर बायोप्सीच्या आधी प्रोस्टेटचा मल्टिपॅरामेट्रिक, म्हणजे अनेक पद्धतींनी चित्रं घेणारा, एमआरआय. 'आधी' या शब्दावर जोर आहे. बायोप्सीने ग्रंथीत रक्त साचतं आणि पुढचे सहा-आठ आठवडे चित्र गढूळ येतं. नेहमीचा 'पेल्विसचा एमआरआय' चालत नाही. चिठ्ठीवर प्रोस्टेट आणि पायरॅड्स (एमआरआयमधल्या संशयाला गुण देण्याची पद्धत) हे दोन्ही शब्द असू द्या. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देणार असतील तर ताजं क्रिएटिनिन लागतं. पेसमेकर किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा असेल तर नंबर लावतानाच सांगा. सांध्याच्या धातूने प्रोस्टेटचं चित्र बिघडतं.

रिपोर्टमध्ये १ ते ५ असा पायरॅड्स गुण येतो. ४ किंवा ५: बायोप्सी करा, वाट बघू नका. १ किंवा २ आणि डेन्सिटी ०.१५ च्या खाली, बोटाला गाठ नाही, वडील-भावाला हा कॅन्सर नाही: बायोप्सी टाळून सहा महिने ते वर्षाने पीएसए बघत राहणं सुरक्षित. ३ हा खरा पेचाचा गुण, आणि तिथे डेन्सिटी कौल देते, ०.१० च्या खाली असेल तर थांबता येतं, ०.१५ च्या वर असेल तर सुई. मधल्या जागेत वय, घराणं आणि पेशंटची स्वतःची इच्छा.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आधी एमआरआय केलेल्या गटातल्या २८ टक्के पुरुषांना बायोप्सी लागलीच नाही, तरी महत्त्वाचा कॅन्सर त्या गटात जास्त सापडला: ३८ टक्के, थेट बायोप्सीच्या गटात २६. एमआरआय वाचणारा डॉक्टर प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी वाचणारा हवा. सरावाच्या डोळ्याने दिलेला ३ आणि बिनसरावाचा ३ यांत पुष्कळ अंतर असतं.

पीएसए ५०-६० च्या पुढे आणि ग्रंथी बोटाला कडक असेल तर एवढ्या पायऱ्या लागत नाहीत. तिथे थेट बायोप्सी, तीही मोजक्या तुकड्यांची, आणि हाडांची तपासणी.

बायोप्सी ठरली तर

दोन वाटा आहेत. गुदमार्गातून सोनोग्राफीचा प्रोब घालून, किंवा अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून. दुसरीत सुई आतड्यातून जात नाही, म्हणून जंतुसंसर्ग कमी. सोय असेल तर तीच मागा, विशेषतः मधुमेह असेल किंवा वर्षभरात पुष्कळ अँटिबायोटिक झाली असतील तर. दोन्हींत जागा बधिर करून १८ गेजच्या सुईने साधारण १२ तुकडे घेतात आणि एमआरआयमध्ये डाग असेल तिथून आणखी दोन-चार. कोणत्या डागातून किती तुकडे घेतले, त्यांच्या बाटल्या वेगळ्या ठेवल्या का, हे विचारा.

आधीची तयारी: लघवीचं कल्चर स्वच्छ हवं. साखर आटोक्यात हवी. गुदमार्गातून करणार असतील तर पोव्हिडोन आयोडिनने आतली सफाई करतात का आणि अँटिबायोटिक कशाच्या आधारावर ठरवलंय, ते विचारा. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांना जुमानत नाहीत असे आतड्यातले जंतू खूप आहेत. त्यावरच विसंबून राहणं धोक्याचं. स्टेंट घातलेल्यांनी क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारं औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. हृदयाच्या डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या. कमी मात्रेची अॅस्पिरिन सहसा चालू ठेवता येते.

नंतर दोन-चार दिवस लघवीत रक्ताची झाक आणि वीर्यात काही आठवडे तांबूस-तपकिरी रंग राहतो. त्याला घाबरू नका. थंडी वाजून १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला तर मात्र सकाळची वाट न बघता, रात्री दोन वाजले असले तरी, हॉस्पिटल गाठा. क्रोसिन देऊन घरी झोपवायचं नाही. लघवी अडली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या तरी तेच.

गावाकडे अजून म्हणतात की गाठीला हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो. प्रोस्टेटच्या बायोप्सीने तसं होणं अत्यंत दुर्मिळ आहे. पसरलेला दिसतो तो बहुतेक वेळा सुईच्या भीतीने गेलेल्या वर्षांमुळे.

कुणी तपासूच नये, आणि कुणी एक दिवसही थांबू नये

सत्तरी ओलांडलेल्या, तक्रार नसलेल्या माणसाचा पीएसए पॅकेजमध्ये आहे म्हणून करू नये. हा कॅन्सर बहुधा मंद चालतो. पुढची दहा-पंधरा वर्षं मिळणार असतील तरच शोधण्याचा फायदा हाती लागतो. तक्रार नसलेल्यांत ५० ते ६९ हे चाचणीचा विचार करण्याचं वय. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर असेल तर ४५ पासून. आईच्या बाजूला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बीआरसीए२ या जनुकातला दोष असेल तर ४० पासून.

आणि हे दुसऱ्या टोकाचं: साठीपुढच्या माणसाची कंबर महिनोन्‌महिने दुखते, रात्री जास्त, वजन उतरतंय, आणि 'मणक्यात गॅप' म्हणून शेक आणि पट्टा चालू आहे. त्याचा पीएसए एकदा करा. शंभराच्या वरचा आकडा निघाला तर बहुतेक वेळा आजार हाडांत गेलेला असतो. पायातली ताकद अचानक कमी झाली, बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर ती त्याच दिवशीची इमर्जन्सी आहे. काही तासांच्या उशिराने पाय कायमचे जाऊ शकतात.

रिपोर्ट आल्यावर

बायोप्सी निगेटिव्ह आली तरी फाइल बंद होत नाही. सहा महिन्यांनी पीएसए, मग दर वर्षी. आकडा चढत राहिला तर पुन्हा एमआरआय. एमआरआयमध्ये ५ गुण होता आणि तुकड्यांत काहीच नाही, तर सुई डागाला लागली का हा प्रश्न विचाराच.

कॅन्सर निघाला तर ग्रेड ग्रुप, म्हणजे तो किती जोरकस आहे याची पायरी बघा, १ (सगळ्यात मंद) ते ५. ग्रेड ग्रुप १ ला बहुतेकदा ऑपरेशन किंवा रेडिएशन लगेच लागत नाही; ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे बायोप्सी करत नजर ठेवतात. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या अभ्यासात १,६४३ पुरुषांना ऑपरेशन, रेडिएशन आणि देखरेख अशा तीन गटांत विभागलं होतं. १५ वर्षांनी या कॅन्सरने झालेले मृत्यू तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होते. ग्रेड ग्रुप ४-५ ला मात्र दिरंगाई नको. उपचार ठरण्याआधीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा, मूळ रेशन कार्ड आणि आधार सोबत घेऊन. आधी दाखल होऊन मग कागद जमवायला धावलं की मंजुरी अडकते.

फायलीच्या पहिल्या पानावर एक तक्ता आखा. तारीख, लॅब, पीएसए, त्या वेळी चालू असलेली प्रोस्टेटची गोळी, ग्रंथीचं आकारमान, डेन्सिटी, एमआरआयचा गुण. डॉक्टर बदलले, मुलगा पुण्याहून येऊन वडिलांना दुसरीकडे घेऊन गेला, तरी समोरचा माणूस दोन मिनिटांत सगळं समजून घेईल. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक मागून घेता येतात. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता टाइप केलेला रिपोर्ट नेऊ नका, ते न्या.